थकलोय म्हणायला जीभ का अडखळते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मी थकलोय." दोन शब्द. तेवढे बोलायला माणसं का कचरतात?

कारण त्या दोन शब्दांच्या पोटात एक मागणी असते. "मला ताप आलाय" म्हटलं की समोरचा गोळी आणून देतो, कपाळाला हात लावून बघतो. "मी थकलेय" म्हटल्यावर मात्र पुढचं न बोललेलं वाक्यही त्याला ऐकू येतं : आता हे काम दुसऱ्या कोणीतरी करा. ज्या घरात, शेतात किंवा ऑफिसात तो दुसरा कोणी नसतो, किंवा असूनही उठणार नसतो, तिथे ते वाक्य तोंडातच राहतं.

स्वाभिमान, लाज, लोक काय म्हणतील, ही कारणं खोटी नाहीत. पण मला ती मागाहून येणारी वाटतात. आधी माणूस हिशोब करतो. मी बसलो तर हे कोणाच्या अंगावर पडेल? पैसे कापले जातील का? नंतर दुप्पट होऊन ते माझ्याकडेच येणार असेल, तर आत्ताच उरकून टाकलेलं काय वाईट? हा हिशोब बहुतेक वेळा बरोबर असतो, म्हणूनच "अगं, सांगायचं ना मग!" या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही.

पण आपल्याकडे तर उठता-बसता "दमले बाई" ऐकू येतं. मग लपवतात कुठे?

ते कधी म्हटलं जातं ते बघा. गणपती पोचवून आल्यावर, लग्न पार पडल्यावर, पाहुण्यांची गाडी गल्लीतून वळल्यावर. काम झालेलं असतं, आता कोणालाच काही करायचं नसतं. अशा वेळी दमणं हे कौतुकाचं असतं.

तेच वाक्य कामाच्या आधी म्हणून बघा. गौरी उद्या जेवायच्या आहेत, सोळा भाज्यांची तयारी व्हायची आहे आणि आदल्या संध्याकाळी घरातली बाई म्हणाली, "यंदा माझ्याच्याने होणार नाही." घर एकदम गप्प होईल. मग कोणीतरी म्हणेल, "बरं नाही का?" म्हणजे आजारी असशील तर ठीक, नुसतीच थकली असशील तर ते आम्हाला कळत नाही.

म्हणजे आजारपण चालतं आणि थकवा चालत नाही, असं का?

ताप थर्मामीटरवर दिसतो. बीपीला आकडा असतो. रजेच्या अर्जाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडता येतं. थकव्याला यातलं काहीच नाही, तो आहे हे फक्त थकलेल्याच्या शब्दावर मानायचं असतं. आणि शब्दावर कोणाचं मानायचं, हे घरात आणि ऑफिसात आधीच ठरलेलं असतं.

म्हणून थकवा वेश बदलून येतो. डोकं दुखतंय, कणकण वाटतेय, कंबर धरलीये. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पित्त. "पित्त झालंय" म्हणून पडून राहिलं की कोणी फार चौकशी करत नाही. मराठी घरात सर्वांत सहज मंजूर होणारा रजेचा अर्ज तोच.

पूर्वीच्या लोकांनी सणावारांत विश्रांतीची सोय करून ठेवलीच होती ना?

बैलांसाठी केली होती, हे खरं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं बैलाच्या कानात सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपायचं नाही, वर पुरणपोळीचा घास. त्या पोळ्या लाटायला पहाटेपासून कोण चुलीपुढे असायचं, ते वेगळं सांगायला नको.

बायकांसाठी माहेर होतं. पंचमीला, दिवाळीला भाऊ न्यायला यायचा. "मी थकलेय, मला चार दिवस पडू दे" असं म्हणावं लागत नसे, सणच ते सांगायचा. एरवी तक्रार जात्यापाशी. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरचे कष्ट, न संपणारं दळण आणि माहेरची ओढ किती प्रकारे येते! सासूला जे सांगता येत नव्हतं ते दगडाला सांगितलं, आणि सांगतानाही हात फिरतच होता. जुनी माणसं थकत नव्हती, हे त्यामुळे मला कधी पटलेलं नाही.

बायका जास्त लपवतात की पुरुष?

दोघेही, पण वेगवेगळ्या कारणांनी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात जाणारा वेळ सरासरी रोज २८९ मिनिटं निघाला. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. आधीच्या, म्हणजे २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली, तेव्हा ती दहा मिनिटं त्यांनी उचललेली नाहीत एवढं नक्की.

घरकामाला सुटण्याची वेळ नसते. कारखान्याचा भोंगा होतो, दुकानाचं शटर पडतं. ओट्याचं तसं नाही. रात्रीची भांडी घासताना मनात सकाळच्या डब्याची भाजी ठरत असते. त्यामुळे "थकले" नेमकं कुठल्या क्षणी म्हणायचं, तेच कळत नाही. त्यात पगारी नोकरी करणाऱ्या बाईची वेगळी पंचाईत. ती घरी थकले म्हणाली की उत्तर तयार असतं : "मग नोकरी सोड." थकव्याची तक्रार केली आणि नोकरीच पणाला लागली, असा अनुभव एकदा आला की बाई पुन्हा त्या वाटेला जात नाही.

पुरुषाचा हिशोब पैशांचा असतो. घराचा हप्ता, मुलाची फी, आईची औषधं एका पगारावर उभी असतील, तर तो थकला हे ऐकून घर घाबरतं. ते घाबरू नये म्हणून तो बोलत नाही. त्याऐवजी चिडचिड करतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, नाहीतर "जरा बसून येतो" म्हणून बाहेर पडतो. घरातल्यांना वाटतं, याचं आपल्याकडे लक्ष नाही.

ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनी काय करायचं?

त्यांना हा प्रश्न विचारण्याआधी कामाची रचना बघावी लागते. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती ऊस तोडून फेडायची असते. पहाटे फड गाठायचा, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. जोडीतली बाई आजारी पडली तरी कोयता अख्खाच बसतो.

इथे थकलो म्हणण्याची किंमत रुपयांत ठरलेली आहे. पाळीच्या दिवसांतही तीच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे डॉक्टरांची लबाडी, कॅन्सरची घातलेली भीती, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, अशी बरीच कारणं होती. पण खाडा नको, हे कारण बायकांनी स्वतः सांगितलं आहे. विश्रांती मागता येत नाही म्हणून अवयव काढून टाकायचा. अशा ठिकाणी "मन मोकळं करा" हा सल्ला देणाऱ्याने आधी एक दिवस फडात मोळ्या उचलाव्यात.

गावोगावी आरोग्याची सरकारी कामं करणाऱ्या आशाताईंची गोष्ट जरा निराळी. कागदावर त्या स्वयंसेविका. कामागणिक मोबदला. नोकरदार मानलंच नाही, तर थकल्यावर रजा मागायची कोणाकडे?

"आम्ही थकलो" असं उघड म्हणून कोणाला काही मिळालं आहे का?

मिळालं आहे, आणि ते तुम्ही-आम्ही दर आठवड्याला उपभोगतो.

मुंबईच्या गिरण्यांत १८८० च्या दशकात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या नावाने एक अर्ज तयार झाला. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार बायकांनी भाषणं केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून त्या दिवशी सुट्टी हवी, असं लोखंड्यांनी पटवून दिल्याची गोष्ट आवडीने सांगितली जाते. थकव्याला तेव्हाही देवाची चिठ्ठी लागलीच म्हणायची.

पण खरी गोम वेगळी आहे. एकट्या कामगाराने "साहेब, थकलो" म्हटलं असतं तर त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा असता. पाच हजारांनी मिळून म्हटल्यावर कोणाच्या जागी कोणाला उभं करणार?

ऑफिसात साहेबांना कसं सांगावं?

आधी वातावरण समजून घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांबद्दलचं बोलणं गाजलं. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच, आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. अट चांगली आहे. पण सुपरवायझर कागद पुढे करून उभा असताना "नाही" लिहिणारा किती दिवस टिकतो, हे एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

सांगायचंच असेल तर "मी थकलोय" पेक्षा कामाची यादी घेऊन जा. "ही तीन कामं या आठवड्यात आहेत, दोन नीट होतील, तिसरं कोणाला द्यायचं की पुढे ढकलायचं?" साहेबाला भावना सांभाळता येत नाहीत, पण यादी सांभाळता येते. शक्यतो लेखी, मेलवर. आणि हे सगळं करूनही वागणूक बदलत नसेल, तर दोष तुमच्या सांगण्यात नाही. मग दुसरी नोकरी बघणं हाच उपाय, आणि तो सगळ्यांना परवडत नाही हेही खरं.

गाडी चालवताना झोप आली तरी माणूस "मी ठीक आहे" का म्हणतो?

घरच्यांसमोर गाडी थांबवणं कमीपणाचं वाटतं. भाड्याची गाडी असेल तर मालकाने पोचायची वेळ दिलेली असते. आणि थकलेल्या मेंदूला आपण किती थकलोय हे नीट कळतही नाही, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट.

सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे कायद्याने मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून, दिवसभर काम करून, रात्री दहाला गावाकडे निघालेला सज्जन निर्व्यसनी गृहस्थ त्या मापाने मर्यादेच्या पलीकडे असतो. फुंकायला लावलं तर मशिनवर शून्य येईल. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते, तीही चालकाविना.

शेजारी बसलेल्याने "झोप येतेय का?" विचारू नये. उत्तर "नाही" हेच येणार. "मला चहा हवाय, पुढे थांबव" म्हणावं. चहा पिऊन झाला की वीसेक मिनिटं सीट मागे करून त्याला पडू द्यावं. काच खाली करणं आणि मोठ्याने गाणी लावणं, यांवर फार भरवसा नको.

घरात आजारी माणूस आहे. सेवा करून मी पार थकलेय, पण हे मनात आलं तरी अपराधी वाटतं.

सर्वांत जास्त लपवला जातो तो हाच थकवा. बाकी ठिकाणी थकलो म्हटलं की काम टाळल्याचा आरोप होतो. इथे वाटतं, आपण माणूसच नकोसं झाल्याचं बोललो. आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो बहुधा पलीकडच्या खोलीत जागा असतो, कानावर सगळं पडत असतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, डायपर, नळीने जेवण, रात्रीचं ओरडणं. स्मृतिभ्रंश असेल तर तोच प्रश्न दिवसात पन्नास वेळा. हे वर्षानुवर्षं करताना "हे आता संपावं" असा विचार मनात चमकून गेला, तर तो त्या माणसाविषयी नसतो, त्या दिनक्रमाविषयी असतो. जवळजवळ प्रत्येक सेवा करणाऱ्याच्या मनात तो कधी ना कधी येतो. बोलत कोणी नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे दुष्ट.

लांब राहणाऱ्या भावंडांना "मी थकलेय" असं सांगू नका. फोनवरून "काळजी घे गं" येईल आणि फोन ठेवला जाईल. तारीख सांगा. "पुढच्या महिन्यात दहा ते वीस तू इथे ये, मी जाणार आहे." येणं जमत नसेल तर रात्रीच्या मावशींचा किंवा दादांचा पगार त्याने द्यावा, तोही ठरलेल्या तारखेला. जो येतो आणि सल्ले देऊन जातो त्याला किमान एका रात्रीची पाळी द्यावी. याला मी उद्धटपणा मानत नाही.

दुर्धर आजार असेल तर उपशामक सेवा, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणारी सेवा, देणाऱ्या केंद्रांची चौकशी करा. पुण्यात वारज्याला असं केंद्र १९९७ पासून आहे. आणि कोणाशीच बोलता येत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नुसता थकवा घेऊन डॉक्टरकडे जावं का? हसतील ना?

जावं. दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा हटत नसेल तर जावंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे "मला मेलीला काय झालंय, वय झालं" म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीचं हिमोग्लोबिनच कमी असण्याची शक्यता आहे. थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी मंडळींनी खास लक्ष द्यावं), झोपेत घोरताना श्वास अडकणं, क्षयरोग, नैराश्य, या सगळ्यांचं पहिलं लक्षण पुष्कळदा थकवाच असतं. सुरुवातीच्या रक्ततपासण्या साध्या असतात.

थकव्याबरोबर धाप लागणं, छातीत जड वाटणं, वजन आपोआप उतरणं, रात्री घाम फुटणं यांतलं काही असेल तर थांबू नका. बायकांत हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीतल्या कळेपेक्षा विलक्षण थकव्याने सुरू होतो.

हा थकवा आहे की आळस, हे कसं ओळखायचं?

आवडीचं काम समोर ठेवा. आळशी माणूस त्यासाठी उठतो. थकलेल्याला तेही नको वाटतं. अर्थात, हा प्रश्न स्वतःला सारखा विचारणारा माणूस सहसा आळशी नसतो.

मुलगा बारावीला आहे. "थकलोय" म्हणाला की मी रागावते. चुकतंय का?

कॉलेज, क्लास, टेस्ट सिरीज आणि रात्री अभ्यासिका, हे वेळापत्रक आपण स्वतः आठवडाभर पाळून बघितलं तर राग आपोआप कमी होईल. तो अजून सांगतोय, हे चांगलं आहे. रागावत राहिलात तर सांगणं थांबेल, थकवा थांबणार नाही.

"थकलीस का?" विचारलं की बायको "नाही" म्हणते. मग मी काय करू?

विचारू नका. तिने "हो" म्हटलं तर पुढे काय होणार, हे तिला माहीत आहे : तुम्ही "मग पड जरा" म्हणाल आणि भांडी तशीच सिंकमध्ये राहतील. "मदत करू का?" हाही फसवा प्रश्न. कुठली डाळ, किती शिट्ट्या, पांढरे कपडे वेगळे का, हे सगळं तिलाच सांगावं लागणार असेल, तर हात तुमचे चालतात पण डोकं तिचंच चालतं.

एक काम कायमचं घ्या. बाजारहाट, सकाळचा डबा किंवा धुणं, काहीही. पण मुळापासून शेवटपर्यंत, सामान संपत आलंय हे लक्षात ठेवण्यासकट. पहिले काही दिवस ते तिच्यासारखं होणार नाही. तिनेही मागून येऊन ते पुन्हा करू नये. हे दुसरं जास्त अवघड आहे, असं ऐकून आहे.

सांगितलं मी एकदाचं. तर समोरून उत्तर आलं, "मीही थकलोय." आता?

हे सर्वांत नेहमीचं उत्तर, आणि बहुधा खरंही. मग सुरू होते ती कोण जास्त थकलं याची स्पर्धा. तू किती वाजता उठलास, मी किती वाजता. लोकलमध्ये उभं राहणं मोठं की मुलाचा अभ्यास घेणं. तिच्यात कोणी जिंकत नाही, आणि भात लावायचा राहिलेलाच असतो.

दोघेही थकले आहेत हे मान्य झालं की काम एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येत नाही. मग कामच कमी करायचं. पोळ्या केंद्रातून आणा. आठवड्यातले दोन दिवस रात्री फक्त खिचडी आणि पापड, हे ठरवून टाका. इस्त्री बाहेर द्या, किंवा घरच्या कपड्यांना करूच नका. सत्यनारायणाला दीडशेऐवजी तीस माणसं बोलवा. सासूबाई किंवा आई नाराज होतील. त्यांना फोन कोणी करायचा, एवढं मात्र आधी ठरवून घ्या. शक्यतो ज्याची आई त्याने करावा.